सावलीतली गाडी, उन्हातलं धनुष्य

धनुष्य बंद गाडीत ठेवायचं नाही, हे सासऱ्यांनी जावईबापूंना पाच वेळा सांगितलं. पहिल्यांदा प्रेमानं, दुसऱ्यांदा कारणासकट आणि पाचव्यांदा नुसतं डोळ्यांनी. त्या डोळ्यांची जावईबापूंना लग्न ठरलं त्या दिवसापासून धास्ती होती. सासरे जुन्या पद्धतीची धनुष्यं बनवत. मधे लाकूड, एका अंगाला शिंगाची पट्टी, दुसऱ्या अंगाला जनावराच्या तातीचे, म्हणजे स्नायूच्या धाग्यांचे थर, आणि हे सगळं सरसानं चिकटवलेलं. एकेक थर सुकायला महिना लागे. असं काम करणारा माणूस घाई करत नाही, जास्त बोलत नाही आणि चूक विसरत नाही.

त्यातून हे धनुष्य त्यांचं शेवटचं. दोन वर्षं लागली होती त्याला. नजर साथ देत नाही, आता पुरे, असं त्यांनी स्वतःच घरात जाहीर केलं होतं. आणि आज दुपारी चार वाजता, पारंपरिक धनुष्यांच्या स्पर्धेत, या धनुष्यानं नेम धरणार होती त्यांची लेक, म्हणजे जावईबापूंची बायको. बापलेक सकाळीच स्पर्धकांच्या बसनं मैदानावर जाणार होते. बसमध्ये धक्के बसतात, म्हणून धनुष्य जावईबापूंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी गाडीनं आणावं, असं सासऱ्यांनी ठरवलं.

"ऑफिसात स्वतःजवळ ठेवा," सासरे म्हणाले. "उन्हात गाडीची भट्टी होते. सरस मऊ पडतं. दोन वर्षांचं काम दोन तासांत सुटतं."

"हो बाबा."

"आणि पिशवी उघडू नका."

"नाही बाबा."

"अहो, नक्की ना?" बायकोनं विचारलं. बारा वर्षांच्या संसारातून आलेली शंका होती ती.

जावईबापू पाणीपुरवठा कचेरीत हेडक्लार्क होते. फाटकाशी गाडी थांबवली तेव्हा खिडकीसमोर रांग लागलेली होती, चार दिवस नळाला पाणी न आलेल्या लोकांची. त्यांच्यासमोरून धनुष्य घेऊन जायचं? लोक काय समजतील? जावईबापूंचा धीरच झाला नाही. कुंपणाजवळच्या झाडाखाली तीन वाजेपर्यंत हलणार नाही अशी दाट सावली होती. तिथं त्यांनी गाडी लावली, कापूस भरलेली ती जाड पिशवी मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि रोजच्या रिवाजाप्रमाणे किल्ली वॉचमनकडे दिली. जागा कमी असल्यानं तिथं गाड्या पुढंमागं करायचं काम वॉचमनकडे असे.

साडेबारा वाजता त्यांनी सहज खिडकीतून खाली बघितलं. झाडाच्या सावलीत मोठ्या मॅडमची गाडी उभी होती. जावईबापूंची गाडी पलीकडच्या भिंतीशी, रणरणत्या उन्हात चकाकत होती.

जिन्यावरून ते उतरले की घरंगळले, हे नक्की सांगता येणार नाही.

"माझी गाडी कुणी हलवली?"

"मीच की साहेब," वॉचमन कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. "मॅडमची गाडी तापत होती ना."

"कधी हलवली?"

"साडेदहालाच. बघा, तुमची काच पण घट्ट लावून घेतली. धूळ नको जायला."

म्हणजे दोन तास. दार उघडलं तशी आतून अशी झळ आली की जावईबापू दोन पावलं मागं सरकले. पिशवी पोळत होती. ती उघडायची नाही हे त्यांना आठवत होतं, पण पाणी डोक्यावरून गेल्यावर माणूस कसले नियम पाळतो? त्यांनी बंद सोडले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सासऱ्यांच्या घरी त्यांनी डझनभर धनुष्यं बघितली होती, सगळी दोरी चढवलेली, ऐटीत बाक घेतलेली. सासरे खोलीचं दार लावून, एकटेच दोरी चढवत आणि मगच धनुष्य बाहेर आणत. हे धनुष्य मात्र भलत्याच दिशेला वळलं होतं. आत यायची ती टोकं बाहेरच्या बाजूनं वळून एकमेकांना भेटायला निघाली होती, आणि दोरी बाजूला निपचित पडली होती. कारण उघड होतं. सरस वितळलं, दोरी सुटली आणि धनुष्य उलटं फिरलं. सासऱ्यांची दोन वर्षं, बायकोची स्पर्धा आणि जावईबापूंचा संसार, तिन्ही एका पिशवीत वाकडे होऊन पडले होते.

तेवढ्यात फोन वाजला. बायको.

"धनुष्य कसंय?"

"मजेत."

"मजेत म्हणजे?"

"म्हणजे, सावलीत."

"थांबा, बाबांना देते."

जावईबापूंची बोबडी वळायची तेवढी राहिली. "हात लावून बघा," पलीकडून सावकाश आवाज आला. "गार आहे?"

"एकदम गार, बाबा." चटका बसत होता म्हणून ते धनुष्य या हातातून त्या हातात घेत होते.

"पिशवी उघडली नाहीत ना?"

"छे छे!"

"मग हात कशाला लावलात?"

"पिशवीला. वरून."

"बरं," म्हणून सासऱ्यांनी फोन ठेवला. जावईबापूंना वाटलं, त्यांना सगळं कळलं. आता मैदानावर आपली वाट बघत असतील.

अशा वेळी शहाण्या माणसाकडे जावं. जावईबापू प्रोफेसरकडे गेले. प्रोफेसर म्हणजे शेजारच्या टेबलावरचा कारकून. कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असे, म्हणून हे नाव पडलेलं.

"शिवधनुष्यच उचललंत की!" प्रोफेसर म्हणाला. "सोप्पं आहे हो. उष्णतेनं वाकलं ना? मग थंडीनं सरळ होणार."

कचेरीत सगळ्यात थंड जागा म्हणजे कॉम्प्युटरच्या यंत्रांची खोली. तिथं यंत्रांच्या सुखासाठी एसी इतका वाढवलेला असे की माणसं स्वेटर घालून जात. खोलीची किल्ली प्रोफेसरकडेच होती. धनुष्य फळीवर ठेवून दोघं एक तास बाहेर थांबले. तासानं बघितलं तर धनुष्य बर्फासारखं गार झालं होतं आणि पूर्वीइतकंच उलटं होतं.

"आता फक्त जोर लावायचा," प्रोफेसर म्हणाला. "तुम्ही ते टोक धरा. मी गुडघा देतो."

"मोडलं तर?"

"मोडायचं काय शिल्लक आहे त्यात?"

हा युक्तिवाद जावईबापूंना पटला. त्यांनी डोळे मिटून टोक धरलं, प्रोफेसरनं गुडघा दिला. धनुष्यातून 'कर्र' असा बारीक आवाज आला आणि जावईबापूंच्या काळजाचं पाणी झालं. त्यांचा हात सुटला. धनुष्य उसळलं, त्यानं प्रोफेसरचा चष्मा उडवला आणि त्याचं टोक भिंतीवरच्या बटणावर बसलं. यंत्रं एकामागून एक बंद पडली. बाहेर सगळे कॉम्प्युटर काळे झाले. दोन तास रांगेत उभ्या असलेल्या लोकांना खिडकीतून सांगण्यात आलं की आता पुन्हा पहिल्यापासून अर्ज भरावे लागतील. त्यानंतर जो आरडाओरडा झाला, तो ऐकून मोठ्या मॅडम स्वतः आल्या.

दारात त्या थबकल्या. एक माणूस जमिनीवर चष्मा चाचपत होता, दुसरा धनुष्य छातीशी धरून भिंतीला टेकला होता.

"हे काय आहे?"

"धनुष्य, मॅडम."

"बाहेर लोक पाण्यासाठी चिडलेत, आणि तुम्ही आत हत्यारं काढताय?"

"माझी अर्धी रजा आहे," जावईबापू कसंबसं बोलले. खरं म्हणजे हे उत्तर नव्हतं, पण त्यांना दुसरं सुचलं नाही. 'उद्या सकाळी माझ्या केबिनमध्ये या' हे वाक्य त्यांनी जिन्यातच ऐकलं.

एरवी या वाक्यानं त्यांची आठवडाभराची झोप उडाली असती. आज त्यांना ते जाणवलंही नाही, कारण त्याहून मोठी भीती पुढं होती. त्यांनी धनुष्य पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला, एसी शेवटच्या आकड्यावर नेला आणि सगळा वारा त्याच्याकडे वळवला. आता निदान गार तरी राहू दे. रस्ताभर ते एकच वाक्य घोकत होते: "बाबा, एक चूक झाली." पुढचं वाक्य काही केल्या सुचेना.

मैदानाच्या फाटकाशी सासरे एकटेच उभे होते. जावईबापूंनी काच खाली केली, आणि घोकलेलं वाक्य सोडून सगळं सांगून टाकलं. ऊन, वॉचमन, थंड खोली, गुडघा. सांगताना त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

सासरे मागच्या सीटवर येऊन बसले. धनुष्य मांडीवर घेतलं, जोडांवरून नख फिरवलं, नाकाशी धरून सरसाचा वास घेतला. मग विचारलं, "इतकं गार का आहे?"

"सरळ व्हावं म्हणून."

"गार शिंग असं दाबलं तर काचेसारखं तडकतं." त्यांनी पुन्हा एकदा टोकापासून टोकापर्यंत नख फिरवलं आणि सुस्कारा सोडला. "तडकलं नाही. नशीब."

"पण बाबा, उन्हानं उलटं झालंय त्याचं काय?"

"उन्हानं नाही. दोरी नसली की ते असंच वळतं. त्याचा मूळ आकारच तो. मी कुणाला दाखवत नाही, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

जावईबापूंनी मागं वळून विचारलं, "मग दोरी उतरवली कुणी?"

सासरे मैदानाकडे बघत होते. "चढवलीच नव्हती. काल तीनदा करून बघितलं. जमलं नाही." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. बोटं थरथरत होती, आणि ती थांबवायला धरणाऱ्या दुसऱ्या हाताचीही तीच गत होती. "नजर चांगली आहे माझी. हे असं झालंय. तिला कळलं तर ती आज नेम धरायची नाही, माझ्याकडेच बघत बसेल."

"म्हणून बसनं नेलं नाहीत?"

"बसमध्ये पोरीनं पिशवी उघडली असती." सासरे म्हणाले. "तसं बरंच झालं म्हणा. दोरी चढवलेली असती आणि ताणात दोन तास तापलं असतं, तर शिंग आणि लाकूड तुम्ही मला वेगवेगळं आणून दिलं असतंत."

"आता काय करायचं?"

"सकाळपासून त्याच भीतीनं पोटात काही गेलं नाही माझ्या," सासरे म्हणाले. "एसी बंद करा. काचा उघडा. आधी तळव्यांनी चोळून ऊब द्या त्याला. मग मी सांगतो तसा गुडघा लावा."

जावईबापूंनी चोळलं. ऊब आली. मग मागच्या सीटवर अंग चोरून, एक पाय दाराबाहेर टाकून त्यांनी गुडघा लावला. सासरे एकेक शब्द सांगत होते.

"घाबरू नका."

"घाबरतोय, बाबा."

"मीही. दाबा."

धनुष्य सावकाश वळलं. दोरी खाचेत बसली. दोघांनी एकदमच श्वास सोडला.

"काय चाललंय तुमचं गाडीत?" बायको दारातच उभी होती. "माझं नाव पुकारतील आता!"

जावईबापू काही बोलणार तोच सासरे करड्या आवाजात म्हणाले, "यांनी उन्हात ठेवलं होतं. दोरी काढून पुन्हा चढवावी लागली." आणि त्यांनी दोन्ही हात पिशवीखाली सरकवले.

जावईबापूंनी त्या पिशवीकडे बघितलं. "चुकलो," ते म्हणाले.

"चुकलो? बाबांची दोन वर्षं आहेत ती! एक काम सांगितलं होतं तुम्हाला. एक!" आणि पुढं ती बरंच काही बोलली. बोलताबोलताच तिनं धनुष्य घेतलं, दोरी कानापर्यंत ओढून सावकाश परत आणली. तिचा चेहरा खुलला, आणि ती तशीच मैदानाकडे धावली. साडेबारापासून जावईबापू ज्या बोलण्यांना घाबरत होते ती एकदाची खाऊन झाली होती, आणि त्यांना चक्क बरं वाटत होतं.

सासऱ्यांनी गाडीतून उतरताना त्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि तो पुढंही सोडला नाही.

"वाईट वाटून घेऊ नका," ते हळूच म्हणाले. "पण घरी गेल्यावर मलाही तुम्हाला चार शब्द सुनवावे लागतील. नाहीतर तिला संशय येईल."

"सुनवा, बाबा," जावईबापू म्हणाले, आणि दोघं गर्दीत पुढची जागा शोधू लागले.