पोटातला कम्प्युटर

टॉवेलच्या कारखान्यात दाक्षायणीबाईंना नवा कम्प्युटर मिळाला आणि त्यांचं काम बंद पडलं. बारा वर्षं ज्या प्रोग्रॅमवर त्या टॉवेलची नक्षी काढत होत्या, तो जुन्या विंडोजवरच चालायचा. नव्यावर काही बसवायचं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड हवा, आणि पासवर्ड कारखान्याचे कम्प्युटर सांभाळणाऱ्या ऋतुराजकडं. आठ दिवस तो फोनवर नुसतं "बघतो की मॅडम" म्हणत होता.

आज दुपारी चारला मोराचं डिझाइन मागावर चढवायचं होतं. शेवटी बाईंनी घरून पेन ड्राइव्ह आणला. त्यातला प्रोग्रॅम न बसवताच चालायचा आणि नव्या कम्प्युटरच्या पोटात एक खोटा, जुना कम्प्युटर उघडायचा. कण्हत का होईना, त्यात नक्षीचा प्रोग्रॅम चालला. मोराला पिसारा फुटला.

तेवढ्यात मालक सिद्धप्पा आले.

"बाई, नवा घेऊन दिला तर तुमी परत जुना केला व्हय?"

"जुना आत आहे, मालक. बाहेरून नवाच आहे."

"म्हंजे एकात दोन?" मालक खुलले. "मग तिसराबी बसंल की! पार्सलवाल्या शहाजीलाबी ह्यातच एक काढून द्या."

बाई नको नको म्हणत असताना मालकांनी तिसरा उघडायला लावलाच. आधी आतले दोन्ही थिजले, मग बाहेरचा. पिसाऱ्यासकट मोर जागच्या जागी गोठला.

मालकांनी ऋतुराजला बोलावलं. त्यानं येऊन कम्प्युटर बंद करून चालू केला. मोर शाबूत होता, पण पेन ड्राइव्ह त्याला दिसलाच.

"हे कुणी लावलं?"

"मी," बाई उभ्या राहिल्या. "तक्रार करा हवी तर. पण आधी मोर जाऊ दे."

मालक फोन घ्यायला बाहेर गेले, तसा ऋतुराज खुर्ची ओढून हळूच म्हणाला, "मॅडम, पासवर्ड माझ्याकडं न्हायच. कम्प्युटर देणाऱ्यांनी बदलला आन् मला सांगितलाच न्हाय. सांगायची लाज वाटली." मग पडद्याकडं बोट करून, "ह्या आतल्याचा अ‍ॅडमिन कोण हाय?"

"मीच."

"मला करता?"

बाईंनी हसू दाबून त्याच्या नावाचं खातं काढलं. चारच्या आत मोर मागावर गेला. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर: ऋतुराज' या अक्षरांचा फोटो ऋतुराजनं माळशिरसला आईकडं पाठवला. लगेच तिचा फोन आला, आणि आवाज सगळ्या ऑफिसनं ऐकला.

"सायब झालास व्हय रं? लई बरं झालं. पर हाताखालच्या मान्सास्नी तरास दिऊ नगंस."

ऋतुराजनं बाईंकडं पाहिलं.

"न्हाय देत, आई."