बाखदादा पहिला, विवाल्दी नापास

शेजारच्या हेडाऊ काकाजींच्या भिंतीवर शाळेतल्यासारखी काळी पाटी होती आणि तिच्यावर तीन नावं. बाखदादा, हँडलबुवा, विवाल्दी महाराज. नावांपुढे दहापैकी गुण. दर रविवारी हे गुण पुसून नवे लिहिले जात, पण बाखदादांचा पहिला नंबर कधी हलला नाही आणि विवाल्दी महाराज कधी पास झाले नाहीत. तुमसरसारख्या गावात, राइस मिलचा कोंडा नाकातोंडात जात असताना, हा माणूस अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या संगीतकारांचे पेपर तपासत बसायचा! मी शाळेत मास्तरीण. खरं सांगते, मलासुद्धा पेपरांचा एवढा उत्साह नाही.

काकाजी मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर होते. तिथले एक साहेब बदलून जाताना या तिघांच्या कॅसेटची पेटी आणि एक इंग्रजी पुस्तिका त्यांच्या हाती देऊन गेले. "साहेबानं देल्लं, फेकाचं कसं?" म्हणून काकाजींनी ऐकायला घेतलं आणि ऐकता ऐकता माणूस कामातून गेला.

त्यात अर्धा जीव विजेच्या काळजीनं खाल्लेला. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आम्हाला वाटलं, निम्मा जिल्हा गेला, आता वीज तरी पुरेल. कशाची पुरते! कॅसेट सुरू असताना लाइन गेली की काकाजी घामाघूम होऊन माझ्या दारात. "बाखदादा मधातच लटकला न बाई! कधी येईन लाइन?" जणू मीच खांबावर चढून वायर तोडली.

आणि तो आवाज! आमच्या सामाईक भिंतीला टेकलेली माझी मांडणी, तिच्यावरची ताटं थडथड वाजायची. मी जाऊन भांडायचे.

"काकाजी, कमी करा हो जरा!"

"कमी केला तं पोचत नाई."

"पोचत नाही? अहो, स्टेशनपर्यंत पोचतोय!"

"नाई पोचत म्हणलं ना."

काकू जन्मापासून ठार बहिऱ्या. सुटली बिचारी, असं आम्ही गल्लीतल्या बाया म्हणायचो. नवरा-बायकोत तोंडानं बोलणं नव्हतंच.

मग पाटीवरचे आकडे एकमेकांवर चढायला लागले. काकाजींना दिसेनासं झालं होतं. पुस्तिका वाचता येईना, तर ती घेऊन माझ्याकडे आले. "वाचून दाखव बाई, मराठीत सांग." मी आपली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले. म्हातारपणी बाखची नजर अधू झाली, इंग्लंडच्या एका फिरत्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं, दृष्टी कायमची गेली. काही वर्षांनी त्याच डॉक्टरनं हँडलच्या डोळ्याला हात लावला. त्याचीही गेली. काकाजींच्या बशीतला चहा सांडला.

"दोघायचे? एकाच डॉक्टरनं?"

कुठून बुद्धी झाली मला वाचायची! पुढच्याच आठवड्यात नेत्रशिबिरात निदान झालं, मोतीबिंदू. फार पिकलाय, आता उशीर केला तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. काकाजी म्हणाले, नाही करणार. झालं! त्यांचा डोळा गेला असता तर पाप माझ्या माथी. शेवटी ऑपरेशनच्या दिवशी काकूंना सोबत घेऊन मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं.

डॉक्टर पोरगेला होता. काकाजींनीच त्याला तपासलं.

"तुमी फिरते डॉक्टर का?"

"नाही काका, इथलाच, शहापूरचा आहे."

"खानदानात कोणी इंग्लंडले होतं?"

"माझे आजोबा आंबागडच्या पुढे गेले नाहीत."

रांगेतले सगळे म्हातारे हसले. काकाजी मात्र चप्पल घालून निघाले. माझा ताबा सुटला. "इतके घाबरट कसे हो तुम्ही? आणि नाहीच दिसलं तर काय, कॅसेट ऐकायला डोळे लागतात का?"

काकाजी थांबले. "कॅसेट तं ऐकू येईन बाई. पण हिचं बोलणं? ही हातायनं बोलते. मले दिसलं नाई तं ही कोणासंग बोलन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू बाकावरून आमच्या तोंडांकडे बघत होत्या. त्या उठल्या, काकाजींच्या पायातल्या चपला काढून आपल्या पिशवीत टाकल्या आणि त्यांना पाठीला हात लावून दाराकडे ढकललं. काकाजी अनवाणीच आत गेले.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. त्यानंतरच्या रविवारी मी डब्यात मुगाची खिचडी घेऊन गेले. कॅसेट दणाणत होती. डोळ्यांवर काळा चष्मा चढवून काकाजी पाटीपाशी खडू घेऊन उभे. आणि काकू स्पीकरच्या लाकडी खोक्यावर दोन्ही तळवे पालथे ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या. ऑर्गनचा खर्ज आला तशा हसल्या आणि त्यांनी दहाही बोटं वर केली. काकाजींनी लिहिलं, बाखदादा, दहा.

मग विवाल्दी लागला. बारीक, वेगानं पळणारं फिडल. काकूंनी तळवे दाबून पाहिले, मान हलवली, तीन बोटं.

"महाराज गुणी आहे वं," काकाजी मला म्हणाले, "पण हिच्या हातापावतर पोचत नाई."

काकूंनी माझ्याकडे बोट करून भराभर काहीतरी खुणा केल्या. काकाजी बघत राहिले. इतकं पोटभर बघताना मी कोणाला पाहिलं नाही.

"म्हणते, मास्तरीणले आपला तरास होते. आवाज कमी करा."

"राहू द्या," मी म्हटलं, आणि डबा ठेवून निघाले. आणखी उभी राहिले असते तर रडले असते.

घरी मांडणीवरची ताटं थडथडतच होती. मी दोन्ही तळवे त्यांच्यावर ठेवले. पोचत होतं.