निनावी पातेलं

इरावतीच्या तांब्याच्या पातेल्यावर नाव नव्हतं आणि सगळी कला म्हणे त्यातच होती. जन्मभर चुलीपुढे राबलेल्या, कुणी नावानं न ओळखलेल्या बायकांसाठी तिनं ते तीन महिने हातानं ठोकलं होतं. एका बाजूला पोचा, अंगावर मुद्दाम चढवलेला हिरवा गंज आणि शीर्षक ‘निनावी’. चार वाजता आर्ट गॅलरीच्या मृणालिनीबाई ते बघायला ठाकूरद्वारच्या घरी येणार होत्या. त्यांना पटलं, तर अकरा वर्षांच्या धडपडीनंतर इरावतीचं पहिलं स्वतःचं प्रदर्शन लागणार होतं.

सासूबाईंना, म्हणजे सुभद्राबाईंना, पातेलं बिननावाचं आहे एवढंच कळलं.

“अगं, वाडीत बिननावाचं भांडं म्हणजे सार्वजनिक मालमत्ता! खालच्या मालनकडे माझी तीन पातेली अडकलीत. मागितली की म्हणते, नाव दाखवा.”

“आई, हे भांडं नाहीये. शिल्प आहे.”

“शिल्पालाही मालन सोडायची नाही.”

इरावती पाहुणीसाठी पियूष आणायला गेली. तेवढ्यात सुभद्राबाई पातेलं घेऊन कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन आल्या. पातेल्याच्या ऐन पोटावर मशीननं खोदलं होतं: ‘सौ. सुभद्रा हेरंब सोहनी, ठाकूरद्वार’. तारखेसकट.

इरावती किंचाळली आणि पॉलिश पेपर घेऊन बसली. नाव जागचं हललं नाही, भोवतालचा गंज तेवढा गेला. आता सासूबाई समोरच्या इमारतीतूनही वाचता येत होत्या. तिनं भेट पुढे ढकलायला फोन लावला, तर मृणालिनीबाई टॅक्सीत बसल्या होत्या. इकडे सुभद्राबाईंना मनापासून वाईट वाटलं आणि तेच नडलं. त्यांनी चिंच-मीठ लावून उरलेला गंजही काढून टाकला.

“बघ, आता एकसारखं झालं.”

तीन महिने मोरीतून वाहून गेले होते. इरावतीला रडू फुटणार, तोच बेल वाजली.

मृणालिनीबाई पातेल्याभोवती दोनदा फिरल्या. “शीर्षक ‘निनावी’? आणि वर नाव, पत्ता, तारीख! ब्रिलियंट! या महिन्यात सतरा गंजलेली भांडी पाहिली मी. घासायचं धाडस एकीनंही केलं नाही. सुचलं कसं तुला?”

“आतूनच आलं,” स्वयंपाकघराकडे न बघता इरावती म्हणाली.

“पार्टनर्सना दाखवायला नेते, मग प्रदर्शनाचं ठरवू. आणि माझा एक क्लायंट हे लगेच विकत घेईल बघ.”

“विकत?” सुभद्राबाई बाहेर आल्या. “नावाचं भांडं विकायला दिवस फिरलेत का आमचे? दाखवायला न्या. झालं की परत करा. आणि रिकामं पाठवू नका, आमच्यात चालत नाही.”

मृणालिनीबाईंचा चेहरा पडला. त्या पातेलं घेऊन गेल्या. इरावतीनं पुढचे पंधरा दिवस सासूशी फक्त मीठ कमी आहे की जास्त, एवढंच बोलणं ठेवलं.

सोळाव्या दिवशी पातेलं परत आलं. आत बेसनाचे चार लाडू आणि खाली तूप लागलेलं पत्र. प्रदर्शन जानेवारीत नक्की. प्रदर्शनासाठी आणखी भांडीही अशीच घासून, नाव घालून पाठवावीत. इरावतीनं सुभद्राबाईंना मिठीच मारली. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

सुभद्राबाईंनी मात्र मिठी सोडवली आणि लाडवांसकट पातेलं उचललं.

“आई, कुठे निघालात?”

“मालनकडे. भांडं परत कसं करतात, ते एकदा दाखवून येते.”