‘अहो आजी’ म्हणणाऱ्या गनिमाचा मोड जाहला त्याची हकीकत

जे कानी आले आणि शेजारधर्मास जागोन जे कान लावोन ऐकिले, तितुके सर्व, तिखटमीठ बेताने घालोन, लिहिले ऐसीजे.

तिसरे मजल्यावरील आजीसाहेब, कानाने मंद परंतु आवाजाने खणखणीत, यांजकडे भर दुपारी फोन वाजला. फोन सदैव स्पीकरवर, सबब त्यांचा खासगी कारभार साऱ्या इमारतीस जाहीर असे. गनीम वदला, "अहो आजी, मी तुमचा नातू. पोलिसांनी धरलंय. खिशात गांजाची पुडी सापडली. साहेबांना लगेच पैसे पाठवा, आणि कुणाला बोलू नका हं."

आजीसाहेबांनी तळमजल्यापावेतो पोहोचेल ऐशा गुप्त स्वरात पुसिले, "कुणाला सांगायचं नाही ना रे? बरं, पैसे कुठं पाठवू?"

तेणेकरोन एकच हलकल्लोळ जाहला. तळमजल्याच्या शिंपीणबाई, कात्रीबहाद्दर, गळ्यातील टेप तैसाच ठेवोन जिना चढोन आल्या, आणि मग सोसायटीचे सेक्रेटरीसाहेब, ज्यांणी फसवणूक-प्रतिबंधाचे व्याख्यान ठेवोन त्यात स्वतःच घोरण्याचा पराक्रम केला होता, तेही चप्पल न सापडल्याने मागाहून दाखल जाहले. आजीसाहेबांचा अंगठा फोनातील पैसे धाडण्याचे बटणावर, आणि जन्माची पुंजी त्या अंगठ्याखाली. शिंपीणबाईंनी मनगट धरिले.

"सोड गं, माझं पोर आत आहे!"

"आजी, तुमचं पोर तुम्हाला ‘अहो’ कधीपासून म्हणायला लागलं?"

यावर आजीसाहेबांचा जबाब की, पोलिसांनी तासाभरात वळण लाविले असेल. हे ऐकोन सेक्रेटरीसाहेबांनी आपले चिरंजीवही तेथे धाडण्याची मसलत मनी आणिली. परंतु शिंपीणबाईंनी फोन हिसकोन गनिमास ऐसे काही सुनाविले की ते कागदावर घालणे शोभत नाही, आणि गनीम पळोन गेला.

इतक्यात खासे नातूसाहेब कॉलेजातून, "ए आजी, एवढी गर्दी कसली गं?" करीत आले. आजीसाहेब गळ्यात पडोन रडल्या, आणि मग फत्तेचा चहा जाहला, आणि मग शिंपीणबाईंनी सहज पुसिले की, पुडीची गोष्ट खरी कैसी वाटली?

आजीसाहेब नातवाकडे वळल्या. "तुझ्या खोलीत वास येतो रे. विचारायची भीती वाटली."

नातूसाहेब कपात पाहात राहिले. "ओढतो कधीकधी. सोडायचंय गं. पण संध्याकाळी जाऊ कुठं? सगळे मित्र ओढायच्या अड्ड्यावरच असतात."

तेसमयी इमारतीतील समस्त तोंडे एकदम बंद जाहली, ऐसे पूर्वी घडले नव्हते. मग आजीसाहेबांचे फर्मान सुटले की, नातूसाहेबांनी रोज सांजवेळी फाटकापाशी बाकावर, बायकांचे दरबारात, हजर व्हावे, आणि मित्रांसही आणावे. नातूसाहेबांनी अर्ज केला की, त्यापेक्षा तुरुंग बरा. अर्ज नामंजूर जाहला.

पुंजी वाचली, ती फत्ते सेक्रेटरीसाहेबांनी आपले नावे लावोन घेतली. दुसरे दिवशी सांजवेळी नातूसाहेब, तोंड वाकडे करोन का होईना, आजीसाहेबांचे शेजारी बाकावर येवोन बसले, ही फत्ते येथे नमूद असे.