पास्कू मास्तरांची उलटतपासणी

आमच्या सरकारी दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या रोग्याला पास्कू मास्तर दंडाला धरून परत आत पाठवत. स्वतःला काही दुखत नसताना हा निवृत्त शिक्षक रोज सकाळी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसे आणि बाहेर येणाऱ्याला विचारी, "डॉक्टरान तुका काय सांगल्यान?" उत्तर नीट आलं नाही की, "फिर पाठी."

मी तिथला कंपाउंडर. मला त्यांचा वैताग येई आणि स्वतःची लाजही वाटे. मीही बाटली हातात ठेवून "समजलं ना?" असं विचारी आणि उत्तर यायच्या आत पुढच्याला हाक मारी.

डॉक्टर घाटावरचे. हुशार, पण भरभर बोलणारे. आमची माणसं त्यांच्यापुढे नुसती मान हलवीत. एकदा जिल्ह्याच्या गावाहून साहेब आले. डॉक्टरांना शेजारी उभं करून त्यांनी एकेकाला विचारलं, "आपण समाधानी आहात का?" सगळ्यांनी हात जोडले. एका म्हातारीने तर साहेबांना शहाळं दिलं. साहेब खूश होऊन गेले आणि मास्तर माझ्यावर उखडले.

"ह्यां समाधान नाय रे, ह्यो पावणचार. गावात इलेल्या पावण्याक तोंडार कोण वायट म्हणता? नि तुझो सायब पावण्याक बाजूक उभो करून इचारता, ह्यो बरो आसा काय म्हणान."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तारकर्लीची गोपिका आली. मासे विकायची. गळ्याला मोठी गाठ. आत ती डॉक्टरांना "होय, होय" म्हणाली आणि बाहेर आली.

"काय सांगल्यान?"

"बरे आसत डॉक्टर."

"ता नाय इचारूक मी."

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "कोल्हापुराक गळो कापतले. मी जावचंय नाय."

"मगे होय कित्याक म्हटलंस गो?"

"इतक्या शिकलेल्या माणसाक नाय कसा म्हणतलंय?"

मास्तर तिला घेऊन आत घुसले. डॉक्टर चिडले. "मास्तर, पेशंट कोण? तुम्ही की ही?"

डॉक्टरांशी मास्तर पुस्तकी मराठीत भांडत. "ती हो म्हणाली ती तुमचा मान राखायला. ऑपरेशनला तिचा होकार नाही. घरी गेली की ही गाठ घेऊनच मरेल, आणि तुमच्या साहेबांच्या लेखी समाधानी म्हणून मरेल."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून सावकाश विचारलं, "बाई, तुम्हाला भीती कसली वाटते?"

गोपिका मास्तरांकडे वळून म्हणाली, "आवाज गेलो तर बाजारात वरडतलंय कशी?"

डॉक्टरांनी समजावलं, आवाज बहुतेक राहील, पण शब्द देत नाही. मास्तरांनी त्यातला 'बहुतेक'सुद्धा न गाळता मालवणीत सांगितला. ती तयार झाली. पण नवरा मुंबईला बोटीवर, सोबत कोण जाणार? मास्तर गेले.

परतल्यावर ते बाकावर येऊन बसले ते तक्रारी घेऊनच. एस.टी.चे हादरे, फोंडाघाटचा पाणचट चहा, मोठ्या रुग्णालयात कोणी कोणाचं ऐकत नाही. "नि ह्या गोपिकेन थंय कारकुनाक सांगल्यान, सोबत बापूस इलो आसा. माझ्या गळ्यात क्रूस, तिच्या कपाळाक कुंकू. तो माका बघता, तिका बघता."

"नातेवाईक नसला तर राहू देत नाहीत," मी म्हटलं. "म्हणून सांगितलं असेल."

"माकाय तसाच वाटला."

मास्तरांच्या घरी कोणी नव्हतं. बायको जाऊन वर्षं झाली होती, मूल झालं नव्हतं.

"आवाज राहिला ना तिचा?" मी विचारलं.

"रवलो. जरा घोगरो आसा." ते बाहेरच्या माडांकडे बघत होते. "शुद्धीर येताच हाक मारल्यान. बाबा म्हणान."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तेव्हा थंय कारकून नाय होतो."