चँडलरमधली पाणबुडी

चँडलरमध्ये पाणी दिसतं ते काय ते स्विमिंग पूलमध्ये. अशा वाळवंटात कारखानीस काकांनी गॅरेजमध्ये पाणबुडी बांधली आहे. गाडी बिचारी बाहेर उन्हात भाजते. आल्यागेल्याला चहा मिळतो, पण आधी पाणबुडीत वाकून शिरायचं आणि हँडल फिरवायचं. "हात चालू द्या," काका बाहेरून सांगतात, "गप्पा नंतर."

काका चिप बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेले. एकदा चार्ल्स्टनला फिरायला गेले आणि इथल्या सिव्हिल वॉरमधली, समुद्राच्या तळातून वर काढलेली पाणबुडी बघून आले. तेव्हापासून प्लायवूड, पाइप आणि काका. त्या मूळ पाणबुडीत सात जण खांद्याला खांदा लावून हँडलने पंखा फिरवणार, आठवा सुकाणू धरणार, उजेडाला एक मेणबत्ती. ती मंदावली की समजायचं, हवा संपत आली. मोहिमेआधीच ती पाणबुडी दोनदा बुडाली, माणसं गेली. तरी वर काढून धुतली आणि नवी माणसं आत बसली. त्यांनी शत्रूची युद्धनौका बुडवली. पाणबुडीने युद्धनौका बुडवायची जगातली ती पहिलीच वेळ. परत मात्र कोणी आलं नाही.

"त्यांची बाजू गुलामगिरीची, म्हणजे चुकीचीच," हे काका न चुकता सांगतात. "पण आतला प्रत्येक जण शेजारच्याच्या भरवशावर बसला होता."

मागच्या वर्षी माझा जॉब गेला. अपार्टमेंटमध्ये मी एकटा आणि डोक्यावर व्हिसाची मुदत. काकांना फोनवर सांगितलं, तर ते नुसतं 'हं' म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन. हँडलचे सांधे अडकतायत, एकट्याने जमत नाही, ये. मग रोजच जायला लागलो. घासायचं, तेल घालायचं, बसवायचं, पुन्हा काढायचं. नोकरीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. दुपारी काकू जेवायला वाढायच्या आणि मग त्याच टेबलावर लॅपटॉप उघडून मी अर्ज पाठवायचो.

लांब रेडमंडला जॉब लागला तेव्हा पेढे घेऊन गेलो. काकू स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. ते हँडल केव्हाच पूर्ण झालं होतं रे. तुझा फोन आला आणि ह्यांनी पाना घेऊन सगळं सुटं केलं."

मी गॅरेजमध्ये गेलो. काका आत बसून एकटेच हँडल फिरवत होते. मला बघून जरा सरकले.

"निघायची घाई नाही ना?" त्यांनी विचारलं.