सासऱ्यांचा रॉड आणि अर्धा स्वेटर

दुपारी सगळे पेंगताहेत तोवर सासऱ्यांचा मासेमारीचा रॉड एकदा, फक्त एकदाच, हवेत फिरवून बघावा असं मी ठरवलं. (माझे सगळे सत्यानाश ‘फक्त एकदाच’पासूनच सुरू होतात.)

सासरे तरुणपणी मासेमारीच्या जागतिक स्पर्धेत देशाकडून उतरलेले. ते आल्यापासून आमच्या टीव्हीवर तेच. कमरेएवढ्या पाण्यात देशोदेशीचे लोक बगळ्यासारखे उभे!

"पूर्वी हा निवांत माणसांचा छंद, जावईबापू. पुढे देश देशाशी भिडायला लागले. गळावर पिसं नि दोरा गुंडाळून माशी करायची, आणि पाण्यावर अशी टेकवायची की माशाला ती खरीच वाटावी. सापडला की मोजायचा आणि सोडून द्यायचा."

"म्हणजे घरी रिकाम्या हातानं?"

"अहो, त्याला फसवलं, हीच तर मजा!"

ती मजा चाखायला मी दिवाणखान्यात उभा राहिलो. हात मागे नेला, झटक्यात पुढे आणला. माशी पुढे आलीच नाही. मागे काहीतरी टणटण पडलं. मी रीळ फिरवलं, तर दोरी अगदी लोण्यासारखी येऊ लागली.

सोफ्यावरचे सासरे जागे झाले. चष्मा नव्हता, पण उत्साह होता.

"लागला! हिसके नकोत. ढील द्या... हां, आता घ्या!"

मी ढील दिली, मी घेतलं. काय सांगू, अंगावर काटा आला!

"अहो!"

दारात बायको. मी वळलो. रिळावर करड्या लोकरीचा डोंगर, जमिनीवर विणायच्या सुया आणि खुर्चीत स्वेटरची कमरेची पट्टी तेवढी शिल्लक.

"बाबांसाठी विणत होते. अजूनही थंड पाण्यात उभे राहतात म्हणून. उद्या निघायचेत ते!"

"सापडला की... सोडून द्यायचा असतो," मी पुटपुटलो.

तिनं रॉड माझ्या हातातून काढून घेतला. सासऱ्यांनी मुक्काम वाढवला. मी लोकर धुतली, वाळवली. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळभर दोन्ही हात पुढे धरून बसलो. हातांवर लोकरीची लड, समोर बायको गुंडा करत्येय.

सासरे चष्मा लावून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"वा! मनगट स्थिर, खांदे सैल, तोंड बंद. पोरी, जावयांना स्पर्धेला न्यायला हरकत नाही."

मी लाजून मान खाली घातली, तोच सासऱ्यांनी पुढे जोडलं,

"ओले मोजे वाळत घालायला खुंटी लागतेच."